रोलाय ३५
३५ मिमी फिल्म वापरणारा खिशात मावणारा उच्च दर्जाचा जर्मन कॅमेरा. हाइन्झ वास्के यांनी त्याची रचना केली आणि १९६६ च्या फोटोकिना प्रदर्शनात तो पहिल्यांदा मांडला गेला. पुढे १९७० च्या दशकात त्याचे उत्पादन सिंगापूरला हलवले गेले. मूळ प्रकाराला झाइसचे ४० मिमी, एफ/३.५ टेसार भिंग असून शटरवेग १/५०० सेकंदापर्यंत जातो.

हा कॅमेरा वापरणाऱ्याकडून शिस्त मागतो. भिंग ओढून, फिरवून पक्के करावे लागते. आत ढकलण्यापूर्वी डाव्या हाताची खटकी ओढून शटर चढवलेले असावे लागते. तसे नसताना जोर लावला तर यंत्रणा बिघडते. अंतर डोळ्यांनीच अदमासायचे. जवळच्या चेहऱ्यांच्या बाबतीत ते अवघड जाते. रस्त्यावर मात्र एफ/८ ला तीन मीटर लावून ठेवले की निर्धास्त टिपत राहावे. फ्लॅश खालच्या बाजूला बसतो, त्यामुळे कॅमेरा उलटा न धरल्यास सावल्या वर पडतात.

प्रकाशमापकाची मूळ १.३५ व्होल्टची पारा-बॅटरी आता बनत नाही. शटर पूर्णतः यांत्रिक असल्याने बॅटरीवाचूनही छायाचित्रे निघतात, आणि जुना कॅमेरा घेणाऱ्याच्या दृष्टीने हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.