रेडिओचा परवाना आणि लहरींचं गायरान

माळा आवरताना परवा एक जुनी पुस्तिका हाती आली. बाबांच्या रेडिओचा परवाना! पानापानावर पोस्टाचे गोल शिक्के. नव्या पिढीच्या वाचकांना खरं वाटणार नाही, पण त्या काळी घरात रेडिओ ठेवायलासुद्धा सरकारचा परवाना लागे. 1933 सालच्या वायरलेसच्या कायद्याखाली दरवर्षी पोस्टात पैसे भरायचे आणि शिक्का मारून आणायचा. तारीख उलटली की बाबांचा जीव खालीवर. ऐंशीच्या दशकात हे प्रकरण एकदाचं संपलं. बरं, हा परवाना लहरी सोडायचा नव्हता, नुसत्या ऐकायचा होता!

त्याच दिवशी भाचा आला होता. त्यानं पुस्तिकेचे फोटो काढले आणि समोर बसल्या बसल्या माझ्या फोनवर धाडले. दोघांचंही इंटरनेट बंद, तरी फोटो आले. म्हणाला, "मामा, आपले फोन थेट एकमेकांशी बोलले. मध्ये कुणी नाही." म्हणजे माझा फोन हे एक छोटं रेडिओ केंद्रच झालं की! मग त्याचा परवाना? तो हसला. या पट्ट्यातल्या लहरींना परवाना लागत नाही म्हणे.

मी पस्तीस वर्षं वर्गावर उभा राहिलेला माणूस. माझ्या मनात लगेच आलं, परवाना नाही, मास्तर नाही, मग हवेत कल्ला कसा होत नाही? पाळी कोण लावतं? भाचा गेला, प्रश्न राहिला. दोन-तीन आठवडे जमेल तसं वाचत बसलो. चुका भाच्यानं काढून दिल्या आहेत, समज माझी आहे.

या लहरींना मी मनाशी गायरान म्हणतो. गायरान कुणाच्या सातबाऱ्यावर नसतं, कुणीही गुरं सोडावीत. पण हे गायरान कुणी उदार होऊन दिलेलं नाही, ते मुळात पडीक होतं. 1947 साली अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीत देशोदेशींची परिषद भरली आणि काही पट्टे यंत्रांसाठी सोडून दिले गेले, कारखान्यातल्या, प्रयोगशाळेतल्या, दवाखान्यातल्या. ही यंत्रं लहरी सोडतात, पण कुणाला काही सांगत नाहीत, नुसता गोंगाट करतात. आपल्या स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह त्यातलाच. अशा गोंगाटात बोलायला कोण येणार?

पुढे 9 मे 1985 रोजी अमेरिकेच्या दळणवळण आयोगानं असले तीन पट्टे लोकांना खुले केले : 902 ते 928, 2400 ते 2483.5 आणि 5725 ते 5850 मेगाहर्ट्झ. अटी अशा, की ताकद 1 वॉटच्या वर नको, संदेश एका जागी न ठेवता पसरून पाठवायचा, आणि दुसऱ्याचा त्रास झाला तर तक्रार करायची नाही. ही शेवटची अट मला फार आवडली. आपल्याकडे जानेवारी 2005 मध्ये यातला मधला पट्टा परवान्यातून मोकळा झाला.

आता पाळीचं. त्याचं पहिलं उत्तर याच्याही आधी, 1971 साली हवाई बेटांवर सापडलं होतं. तिथल्या विद्यापीठातल्या नॉर्मन अब्रामसन यांना बेटाबेटांवरची यंत्रं रेडिओनं मुख्य संगणकाला जोडायची होती. प्रत्येकाला वेळ वाटून दिला तर बहुतेक वेळ वाया, कारण बोलायचं असतं एखाद्यालाच. त्यांनी वाटपच सोडून दिलं. ज्याला बोलायचंय त्यानं बोलावं. पोच आली नाही तर दुसऱ्या कुणाशी टक्कर झाली असं समजून थोडं थांबावं आणि पुन्हा बोलावं. मात्र किती थांबायचं ते प्रत्येकानं फासे टाकल्यासारखं ठरवायचं, नाहीतर दोघे पुन्हा एकाच वेळी तोंड उघडणार! यात जास्तीत जास्त 18 टक्के वेळ सत्कारणी लागतो. मास्तर म्हणून मी या वर्गाला नापासच केलं असतं. पण काम चाललं, आणि पुढच्या सगळ्याचं बीज यात आहे.

वायफायचे नियम 1997 मध्ये आले. त्यात आणखी एक शिस्त आहे : आधी ऐका, शांतता असेल तरच बोला. तरी खोड राहतेच. भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन मुलं आहेत, त्यांना एकमेकांचा आवाज येत नाही आणि दारातल्या तिसऱ्याला दोघांचाही येतो. दोघांना वाटतं शांतता आहे!

ब्लूटूथची तऱ्हा वेगळी. 1994 मध्ये स्वीडनमधल्या एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन या डच अभियंत्यानं ते काम सुरू केलं. इथे चक्क मॉनिटर नेमलेला असतो. त्यानं हाक मारली तरच इतरांनी बोलायचं, आणि एका मॉनिटरमागे एका वेळी सातच जण. सगळा घोळका मिळून सेकंदाला 1600 वेळा जागा बदलतो, 79 जागांमध्ये. एखाद्या जागेवर गोंगाट असला तर बिघडलं काय, पुढच्या क्षणी आपण तिथे नसतोच. 2003 पासून तर त्या घोळक्याला वाईट जागा ओळखून टाळताही येऊ लागल्या.

मोबाइल कंपन्यांचा मार्ग याच्या अगदी उलट. लिलावात लहरी विकत घेतलेल्या, टॉवर हाच हेडमास्तर, त्याच्या परवानगीशिवाय फोन हूं की चूं करणार नाही. पण हेडमास्तरच कोसळला तर? 22 जुलै 2021 ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा आमची ताई तिथे होती. तीन दिवस तिचा फोन लागला नाही. इथे आम्ही कुणी धड जेवलो नाही. ती नंतर सांगत होती, समोरच्या गच्चीवर शेजारीण, तिच्याही हातात फोन, चार्ज असलेला, आणि दोघी ओरडून बोलत होत्या. वीस पावलांवर दोन रेडिओ केंद्रं, आणि मुकी!

मोबाइलचे जागतिक नियम ठरवणाऱ्यांनी 2015 साली यावर तोड लिहून ठेवली होती, तीही मुख्यतः आपत्तीत काम करणाऱ्यांसाठी. टॉवर असला तर तो दोन फोनना जागा नेमून देईल, नसला तर आधीच राखून ठेवलेल्या जागांमधून फोन स्वतः निवडतील. ही सोय परवान्याच्या लहरींवर होती. 2024 च्या नियमांत तेच थेट बोलणं गायरानातही आणलं. तिथे मात्र टॉवरनं जागा दिली तरी भागत नाही. फोनला आधी कान द्यावाच लागतो, वायफायवाला कुणी बोलत असला तर थांबावं लागतं. लिलावात कोट्यवधी मोजणाऱ्यांची गुरंसुद्धा इथे रांगेत. मला, खोटं कशाला बोलू, याचा आनंद झाला.

हे सगळं ताईला फोनवर ऐकवलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण असा फोन दुकानात मिळतो का?" भाच्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मामा, नियम लिहिले म्हणजे वस्तू दुकानात आली असं नसतं." ते तिला कळवलं. यंदा पावसाआधी तिनं शिट्टी आणून ठेवली आहे, एक स्वतःला, एक शेजारणीला.