उद्यान आणि अरण्य

कलकत्त्यास बदलून आलेला मराठी माणूस पहिल्या हिवाळ्यात शिबपूरचे वनस्पती-उद्यान पाहतो आणि सवड मिळाल्यास सुंदरबनाची फेरीही करतो. उद्यानास एक दुपार पुरते. अरण्यास दोन-तीन दिवस काढावे लागतात. पहिले माणसाने लावले, दुसरे नद्यांनी व समुद्राने वाढविले. ही दोन्ही स्थळे एकाच इतिहासाची दोन पाने आहेत, हे मात्र सहसा ध्यानी येत नाही.

इ. स. १७७० च्या दुष्काळाने बंगालची गावेच्या गावे ओस पडली. त्या आपत्तीची आठवण बुजलेली नसता, १७८६ साली लष्करी खात्यातील कर्नल रॉबर्ट किड यांनी कंपनी सरकारपुढे एक प्रस्ताव ठेवला. मूळचा साबुदाणा ज्याच्या खोडातून निघतो तो ताड येथे रुजवावा, म्हणजे अन्नाच्या तुटवड्यात लोकांना आधार होईल, अशी त्यांची कल्पना होती. केवळ नवलाची रोपे जमविण्यासाठी त्यांना बाग नको होती. उपयोगी झाडे वाढवून ती देशभर वाटावयाची होती. १७८७ साली हुगळीच्या पश्चिम तीरावर बाग सुरू झाली. १७९३ मध्ये तिची सूत्रे विल्यम रॉक्सबर्ग यांच्याकडे आली. त्यांनी देशी चित्रकारांकडून वनस्पतींची अडीच हजारांवर चित्रे काढवून घेतली. ते चित्रकार बहुतांशी निनावीच राहिले.

याच काळात त्याच सरकारचा नदीच्या मुखाकडील कारभार अगदी निराळा होता. १७८३ साली जेसोरचे न्यायाधीश टिलमन हेंकेल यांनी सुंदरबनाची जमीन तोडून लागवडीस देण्याची योजना मांडली. सरकारी दप्तरात हे रान म्हणजे पडीक जमीन. पुढे शंभर वर्षे तेथे झाडे तोडून, खाऱ्या पाण्याला बांध घालून भातशेती पसरत गेली. वरच्या अंगाला एकेक रोप जपले जात होते आणि खालच्या अंगाला जंगल मोजले जात होते ते साऱ्याच्या हिशेबाने.

सियालदाहून सुंदरबनाकडे निघालेला प्रवासी कॅनिंगला गाडीतून उतरतो. मातला नदीवर येथे मोठे बंदर वसविण्याचा घाट घातला गेला, तेव्हा हेन्री पिडिंग्टन यांनी १८५३ साली गव्हर्नर जनरल डलहौसी यांस पत्र लिहून इशारा दिला, की वादळाची लाट एके दिवशी या जागेवर चढून येईल. 'सायक्लोन' हा शब्द रूढ करणारे ते हेच. बंदर तरीही बांधले. १८६४ च्या वादळात शिबपूरची हजारांवर झाडे पडली. १८६७ च्या नोव्हेंबरात दुसरे वादळ आले, आणि कॅनिंग बंदराची वाताहत झाली. पिडिंग्टन तोवर हयात नव्हते.

पुढे उरलेल्या अरण्याचा काही भाग राखीव झाला. १९०३ साली या रानातील वनस्पतींची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली; ती करणारे डेव्हिड प्रेन हे शिबपूर उद्यानाचेच अधीक्षक होते. आपल्या कोकणच्या खाड्यांत दिसणाऱ्या तिवरांचे भाईबंद तेथे दलदलीतून श्वासमुळे वर काढून उभे आहेत. वादळाचा पहिला तडाखा ते स्वतः सोसतात. १९८४ साली सुंदरबन राष्ट्रीय उद्यान झाले, १९८७ साली जागतिक वारसा ठरले.

शिबपूरचा प्रसिद्ध वड बागेच्याही आधीचा आहे. बुरशीने कुजलेले त्याचे मूळ खोड १९२५ साली काढून टाकावे लागले. आज तो पारंब्यांवर उभा आहे. २०२० च्या अम्फान वादळात बागेतील पुष्कळ झाडे कोसळली, वडाच्याही काही पारंब्या मोडल्या, पण वड टिकला.

हेंकेल यांच्या योजनेपासून राष्ट्रीय उद्यानाच्या घोषणेपर्यंत २०१ वर्षे लोटली. 'पडीक' हा शेरा कोणा अधिकाऱ्याने चांगल्या हेतूनेच मारला असेल. उपाशी प्रांताला भात हवे होते. पण तो शेरा मारण्यापूर्वी त्या चिखलात उतरून पाहणारे फारसे कोणी नव्हते. ज्यांचे दिवस फायलींवर शेरे लिहिण्यात जातात, त्या आपण मंडळींनी मातल्याच्या काठी उभे असताना एवढे आठवावे.