सोलापूरच्या माळावरील भोवत्या पक्षी व त्यांच्या गणनेचीं साधनें

[१] शरदृतूंत रबीच्या ज्वारीची पेरणी आटोपत आली म्हणजे सोलापूरच्या उत्तरेकडील माळावर एक पाहुणा शिकारी पक्षी उतरतो. लांब पंख किंचित् वर उचलून तो गवताच्या शेंड्यांवरून सावकाश घिरट्या घालीत जातो. त्यास मराठींत ‘भोवत्या’ म्हणतात, व तें नांव या भोंवण्यावरूनच पडलें असावें. त्याची वीण मध्य आशियांतील गवताळ मैदानांत होते. भाद्रपद-आश्विनांत तो येऊं लागतो व फाल्गुन-चैत्रांत परततो. त्याच्या जातींपैकीं माँटेग्यूचा भोवत्या व फिकट भोवत्या या दोन येथें विशेष विचारांत घ्यावयाच्या आहेत. हे पक्षी कमी होत चालले आहेत असें आजचे गणना करणारे सांगतात. पण कमी म्हणजे कशाहून कमी? पूर्वीचा आंकडा हातीं नसतां तुलना व्हावी कशी? जुन्या साधनांतून या प्रश्नावर कितपत प्रकाश पडतो, हें पाहण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

[२] प्रथम संस्कृत ग्रंथ घेऊं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, उर्फ भूलोकमल्ल, यानें शके १०५१ (इ. स. ११२९) च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचिला. कल्याणी सोलापूरच्या पूर्वेस असून सोलापूरचा मुलूख तिच्याच राज्यांत मोडे; म्हणून हा ग्रंथ आमच्या प्रांताचें घरचें साधन होय. श्रीगोंदेकर यांनीं तो बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत इ. स. १९२५ पासून संपादिला; तिसरा खंड १९६१ सालीं निघाला. त्यांतील विनोदांच्या विंशतींत कुक्कुट, लावक, सारमेय इत्यादिकांबरोबर ‘श्येनविनोद’ हें प्रकरण आहे. दुसरा ग्रंथ कुमाऊंच्या रुद्रदेवाचें ‘श्यैनिकशास्त्र’; तें महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांनीं इ. स. १९१० मध्यें छापून प्रसिद्ध केलें. त्यांत श्येनांचे कृष्णाक्ष व पाटलाक्ष असे डोळ्यांच्या रंगावरून दोन वर्ग केले आहेत. फारशी बाजनाम्यांतही काळ्या डोळ्यांचे निराळे काढण्याची हीच रीत आढळते. यावरून हें ज्ञान दरबारादरबारांतून फिरत असे, हें दिसून येतें.

[३] दुसरें साधन म्हणजे शब्द. बाज, जुर्रा, शाहीन, बहिरी, शिक्रा हे शब्द फारशीच्या द्वारें आमच्याकडे आले. त्यांतील ‘बहिरी’ शब्दाचा बहिरेपणाशीं कांहीं संबंध नाहीं. अरबी ‘बहर’ म्हणजे समुद्र, व ‘बहरी’ म्हणजे समुद्राचा. शाहीन हा येथील कड्यांवर वीण करणारा ससाणा. बहिरी हा हिंवाळ्यांत दूरदेशांहून येणारा. म्हणजे कोणता पक्षी घरचा व कोणता परका, हा भेद बाजदारांस ठाऊक होता व तो नांवांतच राहिला आहे. शिवकालीन अठरा कारखान्यांच्या यादींत शिकारखाना येतो. पक्षी विकत घ्यावयाचा, त्यास मांस द्यावयाचें, बाजदारास वेतन द्यावयाचें, म्हटलें कीं कागद आलाच.

[४] परंतु येथेंच एक सावधगिरी बाळगली पाहिजे. भोवत्या हा राजाच्या मुठीवर बसणारा पक्षी नव्हे. तो उंदीर, लहान पक्षी, सरडे व नाकतोडे टिपतो. शिकवून शिकारीच्या कामीं येत नाहीं. ज्याचा उपयोग नाहीं त्याची खरेदी नाहीं, आणि खरेदी नाहीं म्हणून नोंद नाहीं. सबब, कागदांत तो आढळला नाहीं म्हणून तो माळावर नव्हता, असें अनुमान काढणें सर्वथा चुकीचें होईल.

[५] भोवत्याची दख्खनमधील महत्त्वाची छापील नोंद कर्नल साइक्स यांची आहे. इ. स. १८२४ पासून मुंबई सरकारच्या वतीनें त्यांनीं दख्खनची सांख्यिकी पाहणी केली व येथील पक्ष्यांची यादी १८३२ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढें मांडली. तींत फिकट भोवत्यास त्यांनीं ‘सर्कस पॅलिडस’ असें नांव दिलें. पुढें असें ठरलें कीं, ग्मेलिन यानें रशियांतील व्होरोनेझच्या बाजूच्या पक्ष्यावरून सुमारें साठ वर्षें आधींच ज्याचें वर्णन केलें होतें तो हाच पक्षी. अग्रहक्क ग्मेलिनचा म्हणून शास्त्रीय नांव त्याचें टिकलें. तथापि इंग्रजींतील ‘पॅलिड हॅरियर’ या नांवांत साइक्सचा शब्द आजही उभा आहे. एकानें वाटेचें उत्तरेकडील टोंक पाहिलें, दुसऱ्यानें दख्खनचें. दोन निरनिराळीं नांवें पडलीं तीं यामुळें. साइक्सनें जाति नोंदली, संख्या मात्र दिली नाहीं.

[६] संख्येचें काम अलीकडचें आहे. भोवत्या झाडावर न निजतां माळावरील गवतांत, जमिनीवर, अनेकांसह रात्र काढतो. ही जागा म्हणजे त्याचा रातथारा. सूर्यास्तापूर्वीं ठरलेल्या ठिकाणीं उभें राहून काळोख पडेपर्यंत आंत उतरणारे पक्षी मोजतात. प्रौढ नर फिकट राखी रंगाचा, तो ओळखूं येतो. माद्या व पिल्लें तपकिरी, त्यांची जात संधिप्रकाशांत ठरविणें कठीण. म्हणून त्यांची संख्या वेगळी धरावी लागते. देशभरांतील रातथाऱ्यांच्या नोंदी एकत्र करून इ. स. २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानें असें दाखविलें कीं, मागील तीस वर्षांत वरील दोन्ही जातींची संख्या घटली असावी. सोलापूरकडे नान्नजचा माळ माळढोकासाठीं १९७९ सालीं अभयारण्यांत आला; तेव्हांचें सुमारें साडेआठ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र २०१२ मध्यें सुमारें बाराशेंवर आलें. माळास ‘पडीक’ म्हणण्याची आमची जुनी संवय भोवत्यास महाग पडते. गवत मोडलें कीं रातथारा गेला, आणि नाकतोडे खाणारा शेतकऱ्याचा सोबतीही गेला.

[७] सोलापुरांत जन्मलेले मारुती चितमपल्ली यांनीं ‘पक्षिकोशा’च्या रूपानें पक्ष्यांचीं नांवें एकत्र केलीं; आतां तिथींची वेळ आली आहे. संग्राहकांजवळील दफ्तरांत शिकारखान्याचे हिशेब, बहिरी आल्याची तारीख, बाजदारांची पत्रें किंवा टोळधाडीच्या वर्षीं पक्षी जमल्याचा उल्लेख असल्यास तो तिथि-महिन्यासह प्रसिद्ध करावा. एका ओळीनें आंकडा मिळणार नाहीं. पण अशा शंभर ओळी जुळल्या तर पक्षी येण्याचा काळ तरी निश्चित होईल. आज माळावर उभा राहून मोजणाऱ्याची वहीही पुढील पिढीस असेंच अस्सल साधन होणार आहे. तीही जपून ठेवणें हें संग्राहकांचेंच काम होय.