फेअरिंगमधला चौकोनी डबा

मोटरसायकल तिच्या रेडिओपेक्षा जास्त जगते. नीट सांभाळलेलं इंजिन लाखभर मैल सहज काढतं, पण गाणी ऐकायची पद्धत दर दहा-पंधरा वर्षांनी बदलते. त्यामुळे जुनी टूरिंग गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न पडतोच : हँडलपुढचा हा मुका डबा काढायचा, की राहू द्यायचा?

मी अमेरिकेत, ओहायोमध्ये राहतो. माझ्याकडे १९८६ची होंडा गोल्डविंग ॲस्पेनकेड आहे. स्टीरिओ बदलायचं ठरवलं तेव्हा माझ्या हातात आधी पान्हा नव्हे, इतिहास आला.

आधी वारा, मग गाणं

पहिली गोल्डविंग, म्हणजे जीएल १०००, १९७४मध्ये जर्मनीतल्या कोलोनच्या प्रदर्शनात दिसली आणि १९७५च्या मॉडेल म्हणून विकली गेली. चार सिलिंडर, पाण्याने थंड होणारं इंजिन, साखळीऐवजी शाफ्ट. पण पुढे काच नाही, मागे पेट्या नाहीत. रेडिओचा तर प्रश्नच नव्हता.

अमेरिकन चालकांनी ती घेतली आणि आपल्या हाताने लांबच्या प्रवासाची गाडी बनवली. क्रेग व्हेटर या डिझायनरचं ‘विंडजॅमर’ नावाचं फेअरिंग १९७१पासून मिळत होतं. फेअरिंग म्हणजे हँडलपुढचं मोठं कवच. ते वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांवर बसायचं. वारा अडला आणि कान मोकळे झाले, तेव्हा कुठे गाण्याचा विचार सुचला. लोक त्या कवचात रेडिओ बसवू लागले.

हे सगळं बघून कारखाना जागा झाला. १९८०च्या जीएल ११०० इंटरस्टेटला फेअरिंग आणि पेट्या कारखान्यातूनच आल्या, आणि जादा पैसे दिले तर स्टीरिओही. १९८२मध्ये ॲस्पेनकेड आली. हे नाव न्यू मेक्सिकोतल्या एका मोटरसायकल मेळाव्यावरून घेतलेलं. म्हणजे नावसुद्धा चालकांकडूनच आलं.

कोल्हापूर-सांगलीकडे उसाचे ट्रॅक्टर तुम्ही ऐकले असतील. हो, ‘ऐकले’च म्हणायला हवं. ट्रॅक्टरच्या कारखान्याने ते डेक आणि भोंगे दिलेले नसतात, मालकाने बसवलेले असतात. गोल्डविंगचं तसंच झालं, फरक एवढाच की इथे कारखान्याने मालकांची नक्कल केली.

कानांचा हिशोब

हौस सोडा, कानांचं गणित महत्त्वाचं आहे. हायवेच्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जाऊ शकतो. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेची शिफारस अशी की ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास पुरे, आणि पुढच्या दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी करायची. म्हणजे ८८ला चार तास, ९१ला दोन. असं करत १००वर पोचलात की हातात उरतात फक्त १५ मिनिटं.

त्या वाऱ्यावर मात करायला गाणं आणखी मोठं केलं, तर कानांवर दुहेरी मार. म्हणून चांगल्या स्टीरिओची सुरुवात काचेपासून होते. काच योग्य उंचीची हवी आणि कानात इअरप्लग हवेत. प्लग वारा आणि गाणं दोन्ही कमी करतात, पण गोंगाट उतरल्यामुळे गाणं उलट स्पष्ट लागतं.

वायर कापायची नाही

गाड्यांच्या रेडिओला एक ठरलेलं माप मिळालं : १८० बाय ५० मिलिमीटर, जर्मन ‘डिन’ मानकाचं. त्यामुळे कारमधला जुना रेडिओ काढून नवा सरकवणं सोपं. मोटरसायकलला असं सार्वत्रिक माप कधी मिळालंच नाही. प्रत्येक मॉडेलचा डबा त्याच्याच कवचासाठी घडवलेला.

त्यात चाळीस वर्षं. कुठल्याही जुन्या कॅसेट डेकमधला रबरी पट्टा एवढ्या काळात डांबरासारखा चिकट होतो आणि स्पीकरचा कागद विरतो. त्याच्या जागी मी बोटींसाठी बनवलेला छोटा ब्लूटूथ स्टीरिओ निवडला, कारण त्याला पाणी, ऊन आणि हादरे सोसायची सवय असते.

खरं काम वायरिंगचं. बऱ्याच जुन्या गाड्यांत स्पीकरची एक वायर सगळ्यांची मिळून असते, तर आजच्या ॲम्प्लिफायरला प्रत्येक स्पीकरच्या दोन स्वतंत्र वायरी लागतात. त्यांतली एकही गाडीच्या सांगाड्याला टेकली तर ॲम्प्लिफायर जळू शकतो. दुसरी गोष्ट स्मरणशक्तीच्या वायरीची. स्टेशनं लक्षात ठेवायला ती चावी बंद असतानाही वीज ओढते. समजा, फक्त ५ मिलिअँपिअर. ओहायोच्या हिवाळ्यात गाडी चार महिने उभी असते. तेवढ्यात साधारण १४ अँपिअर-तास गेले, आणि बॅटरी आहे २०ची. वसंतात गाडी सुरूच होणार नाही. मी त्या वायरीला वेगळं बटण दिलं.

आणि एक नियम स्वतःला घालून घेतला : मूळ वायर कापायची नाही. मधे एक जोडणी तयार केली. तिचं एक टोक जुन्या प्लगमध्ये बसतं, दुसरं नव्या स्टीरिओत. ती काढली की गाडी पुन्हा १९८६ची.

हा हट्ट कशासाठी? ही गाडी जिथे जुळवली गेली तो मेरिसव्हिलचा मोटरसायकल कारखाना ओहायोतच, माझ्या घरापासून तासाभरावर. तिथे १९८० ते २००९ या काळात गोल्डविंग तयार झाल्या, मग तिथलं मोटरसायकलचं काम बंद झालं. तो प्लग तिथल्या कुणीतरी हाताने दाबून बसवलेला आहे. वस्तुसंग्रहालयात डागडुजी करणारे लोक म्हणतात, जे कराल ते उलट फिरवता आलं पाहिजे. पुढच्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त कळत असेल, हे गृहीत धरायचं.

२०१८च्या गोल्डविंगमध्ये ॲपल कारप्ले आलं, मोटरसायकलवर पहिल्यांदाच. आज तो पडदा नवा वाटतो. पण २०५०मध्ये कुणीतरी ती गाडी जुनी म्हणून घेईल, त्या काळ्या पडद्याकडे बघेल आणि हाच प्रश्न विचारेल. माझा ब्लूटूथ डबा तर त्याच्या कितीतरी आधी मुका झालेला असेल.

म्हणून जुना रेडिओ मी कापडात गुंडाळून, सोबत वायरींचा हाताने काढलेला नकाशा ठेवून, गाडीच्याच मागच्या पेटीत ठेवला आहे. गाडी विकली तर तो तिच्यासोबत जाईल.