पंचतंत्राचे फारसी पान

स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहा, असे कार्यवाह बाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नकोच म्हटले. सातवी शिकलेल्या बाईने इतिहास काय लिहावा? पण आपल्या सहलीत मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहिलेले एक पान मनातून जाईना.

'अन्वार-ए-सुहैली' या अकबरकालीन फारसी ग्रंथाचे ते पान. त्यावर चित्र नव्हते, म्हणून आपल्या बऱ्याच भगिनी पुढे गेल्या. मी मात्र थांबले. नुसती अक्षरे, भोवती रंगीत रेघा. एक अक्षर कळेल तर शपथ! तरी ओळी इतक्या सरळ कशा, याचे नवल वाटले. पुढे वाचनात आले की, पुठ्ठ्यावर दोरे ताणून बसवीत आणि त्यावर कागद दाबून ओळींचे वळ उठवीत. कागदाला आधी खळ देऊन गुळगुळीत दगडाने घोटायचे, मग बोरूने लिहायचे. सोन्याचा वर्ख खलून त्याचा रंग करायचा. लिहिणारा वेगळा, रेघा आखणारा वेगळा, नक्षी काढणारा आणखी वेगळा. रांगोळी पुरी झाल्यावर ठिपके कोणाला दिसतात?

आणि ग्रंथ कोणता, तर आपले पंचतंत्र! इराणात खुस्रो नौशेरवान (५३१ ते ५७९) राज्य करीत असता बुर्झोय नावाच्या वैद्याने ते संस्कृतातून पहलवी भाषेत नेले. सुमारे ७५० साली इब्न अल्‌ मुकफ्फाने अरबी केले, बाराव्या शतकात नसरुल्ला मुन्शीने फारसी. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हेरातच्या हुसेन वाइझ काशिफीने ते पुन्हा नटवून लिहिले, तोच हा 'अन्वार-ए-सुहैली'. सुहैल म्हणजे आपला अगस्तीचा तारा. त्याची १५७० सालची अकबराच्या चित्रशाळेतील सचित्र प्रत आज लंडनला आहे.

माहेरवाशीण इतक्या वर्षांनी परतावी आणि पेहरावामुळे ओळखू येऊ नये, तसे या गोष्टींचे झाले. करटक-दमनक हे कोल्हे कलीला-दिमना झाले. माकडाचे काळीज मागणाऱ्या मगरीचे तिकडे कासव झाले, आणि जांभळाच्या झाडाचे अंजिराचे. काळीज मात्र घरीच राहिले!

मला सर्वांत गंमत वाटली ती पुढची. अकबर स्वतः वाचीत नसे, ग्रंथ रोज वाचवून घेऊन ऐके. काशिफीची भाषा त्यालाही जड वाटली, म्हणून त्याने अबुल फझलकडून तीच पुस्तके सोप्या फारसीत लिहवून घेतली. ते 'इयार-ए-दानिश', साल १५८८. बादशहाने कळत नाही म्हणून सांगितले, मग आपण का लाजावे?

आमच्या आजेसासूबाईंनाही अक्षरओळख नव्हती. अंगठा उठवीत. पण माकडाची गोष्ट त्यांच्याकडूनच ऐकावी. त्यांची मगर आपल्या भातसा नदीच्या डोहात राही, आणि माकड स्टेशनाजवळच्या जांभळीवर! खडवलीची पोरे मग संध्याकाळी नदीकडे फिरकत नसत.

सहलीहून आल्यावर मी ती गोष्ट शेजारच्या मुलाला सांगितली, मुद्दाम फारसी तऱ्हेने, कासव घालून. तो मध्येच उठून बसला आणि म्हणाला, "काकू, चुकलात. कासव नाही, मगर!"