कूट-अल-अमारा येथील युद्धकैदी व बुलढाणा जिल्ह्यांतील घरदप्तरें

दोनशें वर्षांपूर्वींचा मोडी कागद हातीं आला म्हणजे तो जपण्याची बुद्धि संशोधकांस सहज होते. परंतु त्याच रुमालांत इसवी सन १९१७-१८ च्या सुमाराची मनिऑर्डरची पावती किंवा पेन्शनचा कागद निघाला, तर तो अलीकडचा म्हणून बाजूस पडतो. पहिल्या महायुद्धांत कैद झालेल्या आप्ताचा माग काढणाऱ्यास हेच कागद किल्लीप्रमाणें उपयोगी पडतात, हें दाखविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

ता. २९ एप्रिल १९१६ रोजीं, सुमारें पांच महिन्यांच्या वेढ्यानंतर, तैग्रिस नदीकांठच्या कूट येथें जनरल टाउनशेंड यानें तुर्कांपुढें शस्त्रें ठेविलीं. त्याच्या सहाव्या (पुणें) डिव्हिजनमध्यें १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. लढाऊ शिपाई व सैन्याबरोबरचे नोकर मिळून सुमारें १३,००० माणसें कैद झालीं. त्यांत हिंदी लोकांचाच भरणा अधिक होता. अधिकाऱ्यांस वेगळें काढून शिपायांस पायीं उत्तरेकडे नेण्यांत आलें. पुष्कळ हिंदी कैदी रास-अल-ऐन येथें बगदाद रेल्वेच्या कामास लावले गेले. उपासमार, ऊन व आजार यांनीं वाटेंत व छावण्यांत असंख्य माणसें मेलीं.

अशा कैद्यांच्या शोधाकरितां रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीनें ऑगस्ट १९१४ मध्यें जिनीव्हा येथें कचेरी उघडली होती. कैद करणाऱ्या सरकारांच्या याद्यांवरून तेथें माणसागणिक कार्डें लिहिलीं गेलीं. २०१४ पासून तीं संगणकावर पाहावयास मिळतात. कार्डावरील आंकडा हा मूळ यादीच्या पानाचा निर्देश असतो. म्हणून कार्ड सांपडलें म्हणजे शोध संपला असें न मानितां यादीचें पान अवश्य पाहावें.

अडचण आहे ती नांवाची. रोमन लिपींत ‘विठोबा’चें पहिलें अक्षर कोणी ‘व्ही’ लिहिलें, कोणी ‘डब्ल्यू’. शिवाय आडनांवाऐवजीं स्वतःच्या नांवाखालींही शिपायाची नोंद होई. गांवाचाही असाच घोटाळा. त्या काळीं जिल्ह्यांत चिखली, मेहकर, मलकापूर, खामगांव व जळगांव असे पांचच तालुके होते. सिंदखेड व लोणार मेहकरांत, तर देऊळगांव राजा चिखलींत मोडे. नुसतें ‘जळगांव’ असेल तर तें जामोदचें कीं खानदेशांतील, हा प्रश्न उरतोच.

पलटणीच्या आंकड्यानेंही फसगत होते. शिपायाचा नंबर त्याच्या पलटणीपुरताच असे. तोच नंबर दुसऱ्या पलटणींत दुसऱ्याचा असूं शके. कूटनंतर या पलटणी पुन्हां उभारल्या गेल्या, म्हणून ११० चा शिपाई म्हणजे कूटचा कैदी असें ठरत नाहीं. पुढें १९२२ सालीं १०३, ११० व ११७ या पलटणी पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या अनुक्रमें पहिल्या, तिसऱ्या व पांचव्या बटालियनी झाल्या. शिवाय वऱ्हाडचा माणूस मराठा पलटणींतच असेल असेंही नाहीं. तो डोलीवाला वा खेचरवालाही असूं शकेल.

येथें घरचे कागद कामास येतात. पेन्शनच्या कागदावरून नंबर व पलटण हीं एकत्र कळतात. मनिऑर्डरीच्या तारखेवरून, ती कूटपूर्वीं आली कीं नंतर, याचा निर्णय होतो. वऱ्हाडांतील कोतवाल बुकांत जन्माची नोंद मिळते. पण पुष्कळदां मुलाचें नांव नसून बापाचें नांव, जात व ‘मुलगा’ एवढेंच असतें. ती नोंद घरच्या वंशावळीशीं ताडून पाहिल्याशिवाय उपयोगाची नाहीं. उलट, परदेशांत मेलेल्याची नोंद गांवच्या मृत्युपत्रकांत नसली तर तो परत आला असें अनुमान करूं नये.

हा शोध केवळ कुतूहलाचा नव्हे. बसरा येथील स्मारकावर हिंदी सुभेदार-जमादारांचीं नांवें कोरलीं गेलीं. साध्या शिपायांचा मात्र पलटणवार नुसता आंकडा लिहिला गेला. आपल्याकडील गांवोगांवच्या महायुद्धाच्या शिलालेखांवरही बहुधा किती गेले व किती मेले एवढेंच असतें. त्या आंकड्यांतील एकेक माणूस ओळखण्याचें साधन कित्येकदां एका पेटींतला एकच चिटोरा असतो. म्हणून जुनीं दप्तरें मिळविणाऱ्यांस विनंति कीं, रुमाल सोडतांना वरचे नवे कागदही टिपून ठेवावे, व ते कोणत्या गांवच्या कोणत्या घरीं मिळाले तें त्यांवर लिहावें.