हेवीवेट मुष्टियुद्धातील गुणवत्तेची गळती : अमेरिकेच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
जॅक जॉन्सन, जो लुई, मुहम्मद अली ही नावे पाहता विसाव्या शतकात हेवीवेट जगज्जेतेपदावर अमेरिकेचे वर्चस्व होते, हे स्पष्ट होते. मात्र १९८८ मध्ये रे मर्सरने मिळविलेल्या सुवर्णपदकानंतर ऑलिम्पिकच्या वरच्या दोन वजनगटांत अमेरिकेला सुवर्ण मिळालेले नाही. २००७ ते २०१५ या काळात तर एकही प्रमुख व्यावसायिक हेवीवेट विजेतेपद त्या देशाकडे नव्हते. तरुणांतील जिद्द ओसरली, असे याचे कारण सांगितले जाते. ते कितपत ग्राह्य आहे, हे तपासणे आवश्यक ठरते.

बदललेल्या संधी :
वर्णभेदामुळे कृष्णवर्णीय खेळाडूंना फुटबॉलची राष्ट्रीय लीग १९४६ मध्ये, प्रमुख बेसबॉल १९४७ मध्ये आणि एनबीए बास्केटबॉल १९५० मध्ये खुले झाले. तत्पूर्वी धिप्पाड, गरीब कृष्णवर्णीय तरुणासाठी मुष्टियुद्ध हा मोठ्या कमाईच्या मोजक्या मार्गांपैकी एक होता. १९७१ च्या लढतीत अली व फ्रेझर यांना प्रत्येकी २५ लाख डॉलर मिळाले. सांघिक खेळांत तेव्हा अशी कमाई अकल्पनीय होती. पुढे बेसबॉलमध्ये १९७५ चा लवादाचा निर्णय, बास्केटबॉलमध्ये १९७६ ची तडजोड आणि फुटबॉलमध्ये १९९३ ची करारमुक्ती यांमुळे खेळाडूंना संघ निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले व वेतन झपाट्याने वाढले. खेळाडू संघटनांनी किमान वेतन आणि निवृत्तिवेतनही मिळवून दिले. मुष्टियोद्ध्यांची अशी प्रभावी राष्ट्रव्यापी संघटना उभी राहिली नाही.

महाविद्यालयांची भूमिका :
एप्रिल १९६० मध्ये आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतील लढतीनंतर विस्कॉन्सिन विद्यापीठाचा चार्ली मोर हा विद्यार्थी मृत्यू पावला. त्यानंतर ही राष्ट्रीय स्पर्धा बंद झाली. निर्णय मानवीय होता. परंतु त्यामुळे शिष्यवृत्ती, प्रशिक्षक व शिक्षण यांची शिडी फुटबॉल-बास्केटबॉलकडेच राहिली. उंच, बळकट मुलाला शाळेतच हेरले जाऊ लागले.

पुराव्यांची तपासणी :
जिद्द खरोखरच आटली असती, तर सर्वच वजनगट ओस पडले असते. प्रत्यक्षात फ्लॉइड मेवेदरसारखे हलक्या वजनाचे अमेरिकन मुष्टियोद्धे अग्रस्थानी राहिले. कारण त्या शरीरयष्टीला इतर दोन खेळांत फारशी मागणी नाही. याउलट, सोव्हिएत परंपरेतील राज्यपुरस्कृत हौशी प्रशिक्षण लाभलेल्या युक्रेनमधून व्लादिमिर क्लिच्को व ओलेक्सांद्र उसिक हे हेवीवेट विजेते घडले.

डिऑन्टे वाइल्डरचे उदाहरणही बोलके आहे. त्याचा ओढा फुटबॉल-बास्केटबॉलकडे होता. आजारी मुलीच्या उपचारखर्चामुळे तो मार्ग सोडून २००५ मध्ये तो मुष्टियुद्धाकडे वळला आणि २०१५ मध्ये जगज्जेता झाला. तथापि प्रत्येक बलदंड फुटबॉलपटू उत्तम मुष्टियोद्धा ठरला असता, असे मानता येत नाही. एड ‘टू टॉल’ जोन्स १९७९ मध्ये फुटबॉल सोडून रिंगणात उतरला, सहा लढती जिंकला आणि पुढच्याच वर्षी फुटबॉलकडे परतला. एवढ्या अनुभवावरून त्याच्या क्षमतेविषयी ठाम अनुमान काढणे योग्य होणार नाही.

निष्कर्ष :
हेवीवेटमधील गळती ही शौर्याच्या ऱ्हासाची कहाणी नसून संस्थात्मक आधाराच्या अभावाची आहे. शिक्षण, सुरक्षितता आणि संघटित हक्क देणारा खेळच गुणवत्ता टिकवून धरतो, हे या इतिहासातून स्पष्ट होते. मेंदूला इजा पोहोचविणाऱ्या खेळाऐवजी तरुण दुसरा मार्ग निवडत असतील, तर त्याला केवळ हानी म्हणणेही एकांगी ठरेल.